कोकणपट्टीतील हिवाळी धाव : उलवे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

थंड हवेत उघड्यावर धावण्यासंबंधी जे शास्त्रीय लेखन उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग शीत व समशीतोष्ण प्रदेशांत तयार झालेला आहे. बर्फाने झाकलेले रस्ते, शून्याखाली उतरलेले तापमान आणि हिमदंशाचा धोका हे त्या लेखनाचे मुख्य विषय होत. हे निष्कर्ष कोकणपट्टीला जसेच्या तसे लावले, तर दोन परस्परविरुद्ध गैरसमज उत्पन्न होतात. पहाटेच्या गारव्याने छाती भरते, म्हणून अंगभर लोकरी कपडे घालूनच बाहेर पडावे, असा एक समज आहे. दुसरा समज असा की, हिवाळ्यातील पहाटेची हवा ही स्वभावतःच शुद्ध व आरोग्यदायक असते. सबब जितके लवकर धावावे तितके उत्तम. यांपैकी पहिल्या समजात थंडीला नसलेला दोष चिकटविला जातो, तर दुसऱ्यात हवेला नसलेला गुण बहाल केला जातो.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील उलवे हा परिसर समोर ठेवून या दोन्ही समजांची तपासणी केली आहे. येथील हिवाळी धावेचा खरा प्रश्न थंडीचा नाही. एकाच पहाटेच्या प्रहरी सर्वांत अनुकूल तापमान आणि सर्वांत कोंडलेली हवा ही दोन्ही एकत्र येतात, यात तो प्रश्न आहे, असे या विवेचनातून दिसून येईल.

२. स्थलविचार

उलवे हा नवी मुंबईचा एक नोड असून पनवेलच्या खाडीलगतच्या सखल, कांदळवनांनी वेढलेल्या भूभागावर तो वसविला गेला आहे. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली. तथापि उलव्याची वाढ मुख्यतः गेल्या काही वर्षांतील आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकलगाडी आली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे, म्हणजेच अटल सेतूचे, उद्घाटन झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. या विमानतळासाठी दहा गावठाणे उठवावी लागली; मूळ उलवे गाव त्यांतलेच एक. सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरविण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला.

या तपशिलाचा धावण्याशी संबंध दोन प्रकारे येतो. नव्या वसाहतीच्या रुंद व आखीव रस्त्यांमुळे पहाटे धावणाऱ्यांना मोकळी जागा लाभली. परंतु तीच वसाहत अनेक वर्षे बांधकामाच्या मध्यभागी उभी आहे. खोदाई, खडी, सिमेंट आणि न्हावाशेवा बंदराकडे जाणारे कंटेनरवाहू ट्रेलर यांनी उडविलेली धूळ हा येथील हवेचा नित्याचा घटक होऊन बसला आहे.

३. येथील थंडी म्हणजे किती ?

मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश सेल्सिअस असते. तेथील आजवरचा नीचांक २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदला गेला, तो ७.४ अंश होता. त्याच दिवशी समुद्राने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या कुलाब्यास पारा ११.७ अंशांच्या खाली उतरला नाही. समुद्रसान्निध्याने थंडीची धार किती बोथट होते, हे या दोन आकड्यांतील तफावतीवरून स्पष्ट होते. किनाऱ्यापासून आत जावे तसतसे निरभ्र रात्री पहाटेचे तापमान उतरत जाते. उलवे हे खाडीकाठचे असले तरी रात्री तेथे भूमीवरून समुद्राकडे वाहणारे मंद वारे असतात. त्यामुळे कुलाब्यापेक्षा तेथील पहाट अधिक गार असते.

आता या थंडीची शास्त्रीय मोजमापांशी तुलना करावी. वारा व थंडी यांच्या संयुक्त परिणामाचे मापन प्रथम सिपल व पॅसेल या संशोधकांनी अंटार्क्टिकावरील प्रयोगांतून केले. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. २००१ साली सुधारण्यात आलेले त्याचे सूत्र १० अंश अथवा त्याहून कमी तापमानासच लागू पडते. हिमदंश होण्यासाठी त्वचा शून्याच्याही किंचित खाली उतरावी लागते. म्हणजे उलव्याची नेहमीची पहाट या सूत्राच्या कक्षेतच येत नाही, आणि हिमदंशाचा तर तेथे प्रश्नच उद्भवत नाही.

याचा अर्थ थंडी कधीच घातक नसते असा नव्हे. २२ मे २०२१ रोजी चीनमधील कान्सू प्रांतात डोंगरी धावेच्या एका स्पर्धेत गारपीट, पाऊस व सोसाट्याचा वारा यांत सापडून २१ धावपटू मृत्युमुखी पडले. तो महिना हिवाळ्याचा नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ओले कपडे, वारा आणि थकव्याने मंदावलेली चाल ही तीन कारणे एकत्र आली, की शरीर जितकी उष्णता निर्माण करते त्याहून अधिक गमावते. उष्णतेचा हा जमाखर्च समजून घेतल्याखेरीज थंडीबद्दल कोणतेही विधान करता येत नाही.

४. उष्णतेचा जमाखर्च

सपाट जमिनीवर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे व दर किलोमीटरमागे सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती ताशी १० किलोमीटर वेगाने धावली, तर तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतील. यांपैकी यांत्रिक कार्यात रूपांतर होते ते जेमतेम पाचव्या हिश्श्याचे. उरलेल्या सुमारे ४८० किलोकॅलरींची उष्णता बनते. मानवी शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ आहे. म्हणजे ६० किलोग्रॅमच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढविण्यास ५० किलोकॅलरी पुरतात. निर्माण झालेली उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे क्षणभर गृहीत धरले, तर तासाभरात शरीराचे तापमान नऊ अंशांहून अधिक चढेल. अर्थात तसे होण्यापूर्वीच प्राण जाईल. तात्पर्य, धावणाऱ्यापुढील मूळ प्रश्न उष्णता साठविण्याचा नसून ती बाहेर टाकण्याचा आहे.

ही उष्णता दोन प्रमुख मार्गांनी बाहेर पडते. पहिला मार्ग त्वचेवरून हवेकडे होणाऱ्या प्रत्यक्ष संक्रमणाचा. तो त्वचा व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. हवा २८ अंश व त्वचा ३३ अंश असता हा फरक ५ अंश पडतो. हवा १६ अंश असता त्वचाही काहीशी थंडावून ३१ अंशांवर येते असे धरले, तरी फरक १५ अंश, म्हणजे तिप्पट होतो.

दुसरा मार्ग घामाच्या बाष्पीभवनाचा. एक लिटर घाम पूर्णपणे सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. परंतु जो घाम ओघळून जमिनीवर पडतो, तो शरीरातील पाणी नेतो, उष्णता नेत नाही. कोकणातील धावपटूची खरी अडचण येथेच आहे. सापेक्ष आर्द्रतेचा आकडा या बाबतीत अनेकदा फसवितो. पावसाळ्यानंतरच्या २८ अंशांच्या सकाळी आर्द्रता ८० टक्के असेल आणि जानेवारीतील १६ अंशांच्या पहाटेही ८० टक्केच असेल, तर दोन्ही हवा सारख्याच दमट आहेत असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पहिल्या हवेतील बाष्पदाब सुमारे ३० मिलिबार व दुसऱ्या हवेतील सुमारे १४.५ मिलिबार असतो. घामाने ओल्या त्वचेलगतचा बाष्पदाब पहिल्या स्थितीत सुमारे ५० व दुसऱ्या स्थितीत सुमारे ४५ मिलिबार धरावा. बाष्पीभवनास कारणीभूत होणारा फरक म्हणजे पहिल्या सकाळी २० व दुसऱ्या पहाटे ३० मिलिबार ठरतो. आर्द्रतेची टक्केवारी सारखी असूनही जानेवारीच्या पहाटे घाम सुकण्याची शक्यता दीडपट होते.

प्रयोगांवरून हाच निष्कर्ष निघतो. गॅलोवे व मॉन या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकल चालविणाऱ्यांची दमछाक होईपर्यंतची वेळ चार तापमानांस मोजली. ११ अंशांस ती सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे ९३ मिनिटे भरली. ४ अंशांस व २१ अंशांस ती सुमारे ८१ मिनिटे होती, आणि ३१ अंशांस केवळ ५१ मिनिटे. यावरून उलव्यातील १४ ते १८ अंशांची पहाट ही दीर्घ श्रमास अनुकूल अशा पट्ट्यातच पडते, हे उघड आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हा ती फेब्रुवारीत भरली होती. पुढे ती जानेवारीत भरू लागली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून डिसेंबराशी निगडित आहे. महाराष्ट्रातील लांब पल्ल्याच्या धावेचे पंचांग असे थंडीभोवतीच गुंफलेले दिसते.

५. इतिहासातील दोन शर्यती

या संदर्भात ऑलिंपिकमधील दोन मॅरेथॉन शर्यती उद्बोधक आहेत. १९१२ साली स्टॉकहोम येथील शर्यत कडक उन्हात झाली. पोर्तुगालचा धावपटू फ्रान्सिस्कू लाझारू वाटेत कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याने अंगाला चरबीचा लेप लावला होता व त्यामुळे घाम येण्यास अडथळा झाला, असे सांगितले जाते.

१९२० साली ॲन्टवर्प येथे झालेली शर्यत गार व पावसाळी हवेत पार पडली. तिचे अंतर नेहमीपेक्षा अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. त्याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद अशी वेळ देऊन एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा क्रीडामेळा व दोराबजी टाटा यांचा पुढाकार यांतून भारताचा हा पहिला संघ घडला होता. उष्ण प्रदेशात वाढलेल्या माणसास गार हवेत धावता येत नाही, हा समज चौगुले यांच्या एका शर्यतीनेही डळमळीत होतो. शरीर स्वतःच उष्णता निर्माण करीत असल्याने धावणाऱ्याला गारवा बाधत नाही. उलट उष्णता अडून राहिली तर ती मात्र प्राणघातक ठरते.

उलव्याच्या रस्त्यांवर पहाटे स्वेटर, मफलर व कानटोपी घालून धावणारे गृहस्थ दिसतात. त्यांची स्थिती लाझारूच्या लेपाहून तत्त्वतः वेगळी नाही. केवळ प्रमाणाचा फरक आहे. पहिल्या दहा मिनिटांपुरते एखादे सैल आवरण पुरे. अंग तापले की ते काढून कमरेस बांधावे. मात्र धाव संपताच उष्णतेची निर्मिती एकदम घटते, पण भिजलेल्या बनियनमधून बाष्पीभवन चालूच राहते. हुडहुडी भरते ती या वेळी. सबब कोरडे वस्त्र धावण्याच्या आरंभी नव्हे, तर अखेरीस हाताशी असावे.

६. श्वासमार्गाचा प्रश्न

थंड हवा थेट फुप्फुसात शिरून ती गोठविते, अशी एक भीती व्यक्त केली जाते. वस्तुतः नाक, घसा व श्वासनलिका यांतून जाताना हवा शरीराच्या तापमानाला येते व बाष्पाने संपृक्त होते. येथे महत्त्व तापमानापेक्षा बाष्पाला आहे. ३७ अंशांची संपृक्त हवा दर घनमीटरमागे सुमारे ४४ ग्रॅम बाष्प धारण करते. शून्य अंशाच्या संपृक्त हवेत ते ४.८ ग्रॅम, उलव्याच्या १६ अंश व ८० टक्के आर्द्रतेच्या पहाटे सुमारे ११ ग्रॅम, आणि पावसाळ्यातील २६ अंशांच्या जवळजवळ संपृक्त हवेत सुमारे २३ ग्रॅम असते. म्हणजे श्वासमार्गाला दर घनमीटरमागे अनुक्रमे ३९, ३३ व २१ ग्रॅम पाणी पुरवावे लागते.

विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. मध्यम वेगाने धावताना ती सुमारे ६० लिटरपर्यंत जाते. तासाभरात ३.६ घनमीटर हवा झाली. उलव्याच्या पहाटे श्वासमार्गातून त्यासाठी सुमारे १२० ग्रॅम पाणी वेचले जाते. पावसाळ्यात ते ७५ ग्रॅमच्या आसपास असते. उच्छ्वासाच्या वेळी यातील काही भाग परत मिळतो, तरी दोहोंमधील प्रमाण साधारण तेच राहते. श्वासमार्गाचे अस्तर असे कोरडे पडले, की दम्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. शीत प्रदेशांतील बर्फावरील लांब पल्ल्याच्या स्पर्धकांत हा विकार विशेष आढळतो. कोकणातील हिवाळा त्या टोकाला जात नाही. तथापि वर्षभर दमट हवेस सरावलेल्या श्वासमार्गाला तो बदल जाणवतो. हळूहळू वेग वाढविणे आणि आरंभी नाकाने श्वास घेणे हा यावरचा साधा उपाय होय. तहान कमी लागते म्हणून पाणी पिण्याचे टाळणे मात्र चुकीचे. थंडीत तहानेची जाणीव मंदावते, शरीराची गरज नव्हे.

७. तापमानाची विपरीतता व कोंडलेली हवा

हिवाळ्यातील निरभ्र व शांत रात्री जमीन उष्णतेचे उत्सर्जन करून झपाट्याने थंड होते. तिच्या लगतची हवा गार व जड बनते आणि वरच्या थरांतील हवा तुलनेने उबदार राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. जड हवा वर चढत नाही. त्यामुळे वाहनांचा धूर, शेकोट्यांचा व कचरा जाळल्याचा धूर आणि बांधकामाची धूळ ही जमिनीलगत साठून राहतात. भूमीवरून येणारा मंद वारा ती फारशी विखरू शकत नाही. जानेवारीच्या मध्यास उलव्यात सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. तापमान नीचतम होण्याची वेळही जवळजवळ हीच असते, आणि हवा सर्वाधिक कोंडलेली असण्याची वेळही हीच. ऊन चढून जमीन तापली, की विपरीतता मोडते व हवेचे ऊर्ध्व मिश्रण सुरू होते. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा उरलेली धूळ आत ढकलतो.

याचा धावणाऱ्यावर होणारा परिणाम आकड्यांत पाहता येतो. अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कणांसाठी भारताचे २००९ मधील मानक चोवीस तासांच्या सरासरीस दर घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. हवेत नेमके ६० मायक्रोग्रॅम कण आहेत असे उदाहरणादाखल धरू. विश्रांतीत असलेला माणूस तासाभरात सुमारे २५ मायक्रोग्रॅम कण आत घेईल. धावणारा सुमारे २१५. विश्रांतीतील माणसाच्या संपूर्ण दिवसाच्या मात्रेचा हा तिसरा हिस्सा झाला. शिवाय धावताना श्वास तोंडाने घेतला जातो व नाकातील गाळणीचा लाभ मिळत नाही.

यावरून धावणेच सोडून द्यावे असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. नियमित व्यायामाने हृदय व रक्तवाहिन्यांस होणारा दीर्घकालीन लाभ निरोगी व्यक्तीच्या बाबतीत मध्यम प्रदूषणाच्या हानीहून सामान्यतः अधिक असतो. परंतु वेळ व मार्ग यांची निवड ही गौण बाब राहत नाही, एवढे निश्चित.

८. हृदय व स्नायू

थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो व हृदयावरील भार चढतो. हृदयशूलाचा विकार असलेल्यांस गार हवेत तुलनेने कमी श्रमांतही वेदना सुरू होते. उबदार अंथरुणातून उठून पाच मिनिटांत वेगाने धावू लागणे हे अशा व्यक्तीस घातक होऊ शकते. तेथे तापमापकावरील आकडा १६ आहे की ६ यास फारसे महत्त्व नाही. स्नायूंचे तापमान उतरले म्हणजे त्यांची शक्तीही काही टक्क्यांनी घटते. म्हणून घरातच हातपाय मोकळे करून, नंतर दहा-पंधरा मिनिटे चालून मग धावेस आरंभ करावा, हा जुना व्यायामशाळेतील नियम शरीरशास्त्रासही संमत आहे.

९. वेळेची निवड

वरील विवेचनाच्या आधारे उलव्यापुरते तीन प्रहर वेगळे करता येतात.

सूर्योदयापूर्वीचा प्रहर उष्णतेच्या दृष्टीने सर्वोत्तम, पण हवेच्या दृष्टीने सर्वांत संशयास्पद. दीर्घ पल्ल्याचा सराव करणाऱ्या निरोगी तरुणास तो सोयीचा आहे. तथापि हवा स्वच्छ व किंचित वाहती असेल त्याच दिवशी. सकाळी आठ ते दहाचा प्रहर मध्यम होय. विपरीतता सैल होऊ लागते, परंतु ऊन झोंबू लागते व वाहतूक वाढते. खाऱ्या वाऱ्यानंतरचा सायंकाळचा प्रहर तापमानाने अधिक असला, तरी दम्याच्या व हृदयविकाराच्या रुग्णास चालण्यासाठी व मंद धावेसाठी तोच अधिक सुरक्षित. फेब्रुवारी २०२४ मध्ये अटल सेतूवर धावण्याची स्पर्धा झाली. एरवी पादचाऱ्यांस बंद असलेल्या त्या पुलावर वारा मोकळा असतो, पण सावली मुळीच नसते. हवा व ऊन या दोहोंचा विचार एकाच वेळी का करावा लागतो, हे तशा मार्गावर चटकन ध्यानात येते.

उपकरण हाती नसता निर्णय करण्यासही मार्ग आहे. वस्तीतील एखाद्या शेकोटीचा धूर सरळ वर जाऊन विरत असेल, तर हवेचे मिश्रण चालू आहे. तो थोडा वर चढून आडवा पसरत असेल, तर विपरीतता कायम आहे असे समजावे. उजाडल्यावर कर्नाळ्याचा सुळका स्पष्ट दिसतो की धुरकट पडद्याआड जातो, हेही एक सुलभ गमक आहे.

विभागातील विद्यार्थ्यांस यातून क्षेत्रकार्याचा एक सोपा विषय मिळू शकेल. खाडीकाठ, नोडचा मध्यभाग व विमानतळाकडील बाजू अशा तीन ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटे सहा, सकाळी नऊ व सायंकाळी पाच वाजता तापमान, ओल्या गोळ्याचे तापमान व सूक्ष्म कणांचे प्रमाण नोंदवावे. जमिनीपासून एक मीटर उंचीवरील व चार मजली इमारतीच्या गच्चीवरील तापमानांची तुलना करावी. गच्चीवरील पारा ज्या पहाटे खालच्यापेक्षा वर असेल, त्या पहाटेच्या कणांच्या नोंदी इतर दिवसांच्या नोंदींशेजारी मांडल्या, की धावणाऱ्याने कोणत्या दिवशी थांबावे व कोणत्या दिवशी निःशंक निघावे, हे त्या रस्त्यांपुरते तरी आकड्यांत सांगता येईल.